पालथ्या वाटीचं घर

तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी आल्यावर नणंद थांबली, सिमेंटच्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "वहिनी, जरा दम खाऊ. पोटऱ्या वळल्यात."

वहिनी थांबली, पण बसली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. पूल दुरुस्तीला काढल्यापासून बस अलीकडेच माणसं उतरवायची आणि पुढे पावणेदोन तास मोठ्या पाण्याच्या पाइपाच्या कडेकडेने पायपीट. पाइप माणसाच्या छातीइतका उंच, दर पाव तासाच्या चालीवर त्याला लोखंडी चाकाचा व्हॉल्व्ह. असे सात झाले की घर. वहिनी रोज एकटीच मोजत यायची. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ती काजं करायची. आज काम आटपून बाहेर पडली तर फाटकाशी नणंद उभी. "तुमच्याबरोबर चालत येते," एवढंच म्हणाली. रस्ता काही वहिनीच्या मालकीचा नव्हता. नको तरी कसं म्हणणार?

अकरा वर्षांत दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ इतका वेळ कधी नव्हत्या. तीन व्हॉल्व्ह झाले तरी वहिनीने अजून एक शब्द काढला नव्हता.

तेवढ्यात एक सायकलवाला हळू झाला. "काय लादीबाई, आज स्वतःच पाइप तपासायला? आमच्या गल्लीत चार दिवस पाणी नाही, तेही बघा."

"अर्ज दिलात का?"

"दोन दिले."

"तिसरा द्या. दोन मीच फाईलला लावलेत, मला माहीत आहे."

तो हसत पुढे गेला. असं होतं नेहमी. नणंद पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. पाणी आलं नाही, गढूळ आलं, बिल दुप्पट आलं, की माणूस तावातावाने त्या खिडकीवर यायचा आणि ही समोर. कुणी टेबलावर हात आपटो, कुणी सात पिढ्यांचा उद्धार करो, बाईचा आवाज अर्ध्या सुराने वर जायचा नाही. "तुमचं बरोबर आहे, नाव सांगा, पत्ता सांगा." खात्यातल्या लोकांनीच तिचं नाव पाडलं, बर्फाची लादी. त्याची झाली लादीबाई. साहेबसुद्धा एखादा फारच तापलेला माणूस आला की शिपायाला सांगायचे, "याला लादीवर ठेव जरा."

लोकांना वाटायचं, स्वभाव. तो स्वभाव कुठून आला ते वहिनीला माहीत होतं, आणि त्याबद्दल तिला कधी दया आली नव्हती.

त्या घरात राग ही बंदी घातलेली गोष्ट होती. बंदी सासूबाईंनी घातलेली. त्यांच्या माहेरी पुरुष टिकत नसत. वडील सेहेचाळिसाव्या वर्षी बाजारात एका हमालाशी भांडताना कोसळले. थोरला भाऊ एकोणचाळिसाव्या वर्षी छपरावरच्या गवंड्याला ओरडता ओरडता अंगणात पडला. दोघांचंही एकच: डोक्याला हात, एक उलटी, आणि संध्याकाळपर्यंत खेळ खलास. धाकटा भाऊ तेवढा झोपेत गेला, त्रेचाळिसाव्या वर्षी. आता झोपेत माणूस कुणाशी भांडणार? पण घरच्यांनी तेही बसवून घेतलं. म्हणायचे, स्वप्नात कुणावर तरी चिडला असेल. "आमचं रक्त तापट," सासूबाई सांगायच्या, "तापलं की डोक्यात जातं."

म्हणून सासरी आल्यावर, पोरं झाल्यावर, त्यांनी नियम केला. जेवायच्या पाटावर असो की ओसरीत, कुणाचा आवाज चढायला लागला की जवळ असेल त्याने एक वाटी पालथी घालायची. वाटी पालथी म्हणजे तोंड बंद. ज्याचं बोलणं राहिलं असेल ते पोटात. वाटी पुन्हा उताणी करायची ती सासूबाईंनीच, सगळ्यांचे श्वास जागेवर आले की. वहिनी नवी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, काय छान घर आहे, कुणी कुणाला वावगं बोलत नाही. वर्षभराने कळलं, इथे कुणी कुणाला काहीच बोलत नाही.

आणि अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी या नणंदेने ती पालथी वाटी स्वतःच्या हाताने उताणी केली.

हिच्या खात्यात एक मीटर वाचणारा होता. त्याने हिला मागणी घातली होती. ही चौतीस वर्षांची. भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला, बघू, आईला विचारू, घाई कशाला. दोन वर्षं तेच म्हणत होता. त्या सकाळी हिने विचारलं, तो म्हणाला बघू, हिचा आवाज थोडा वर गेला, आईने वाटी पालथी घातली. आणि हिने ती उचलून, उताणी करून, जमिनीवर आपटली. म्हणाली, "माझं बोलून होऊ दे. दर वेळी माझंच राहतं." बोलली मग, पाच-सात मिनिटं. भाऊ काही बोलला नाही. कानशिलं दाबत उठला, डबा घेतला, कामावर गेला. दुपारी दीडला निरोप आला. एकेचाळीस वर्षांचा होता. त्याची आणि वहिनीची लेक बबडी तेव्हा दहा वर्षांची.

सासूबाई रडल्या नाहीत. लेकीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "गिळलंस ना त्याला." तेराव्या दिवसानंतर नणंद एका खोलीत वेगळी राहायला गेली. मीटरवाला तीन वर्षं थांबला, मग त्याने लग्न केलं. एकदा त्याच्याच बायकोची तक्रार खिडकीवर आली होती म्हणे, गढूळ पाण्याची. लादीबाईने नाव लिहून घेतलं, पत्ता लिहून घेतला, पावती दिली.

वहिनी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची. नवऱ्याला शांती मागायची, लेकीला आयुष्य मागायची, आणि तिसरं मागणं न चुकता: त्या बाईला माफ करायची बुद्धी मला दे. देव काही ती बुद्धी देत नव्हता. देत नाही म्हणजे त्याचंही काही कारण असेल, असं ती धरून चालायची.

"दम खाऊन झाला का?" वहिनीने विचारलं. हाच तिचा पहिला शब्द.

"झाला." नणंद उठली, पाय ओढत चालू लागली. "मी पाच दिवस दवाखान्यात होते. कळलं असेल."

"तुमचा शिपाई सांगून गेला होता."

"हो. तुम्ही 'बरं' म्हणालात, ते त्याने येऊन सांगितलं."

वहिनीने पिशवीचा हात बदलला. म्हणालीच होती.

"दोन वर्षं झाली माझं ब्लडप्रेशर वर आहे," नणंद सांगू लागली, खिडकीवर पत्ता सांगावा तशा आवाजात. "एक गोळी झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. उतरेना. मग पाणी काढायची गोळी दिली, लघवीवाटे पाणी जायची. तर हातपाय असे गळाले की रजिस्टर उचलेना. पोटॅशियम पार खाली गेलेलं. म्हणून दाखल केलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण आहे, माझ्याहून खूप लहान. ती येऊन बसली आणि विचारायला लागली, घरात कोण कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं, कसं गेलं. मी म्हटलं, आमच्यात रागाने जातात."

"मग?"

"हसली नाही. म्हणाली, झोपेत गेले त्यांचं काय?"

चौथा व्हॉल्व्ह आला. त्याच्या चाकाला कुणीतरी कापड गुंडाळून गळती बांधली होती आणि खाली चिखल झाला होता. दोघी कडेने गेल्या. नणंदेने पिशवीतून एक कागद काढला, चार घड्या केलेला. औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला चौकोन आणि गोल काढले होते, रेघांनी एकमेकांना जोडलेले.

"चौकोन पुरुष, गोल बायका," नणंद म्हणाली. "जे डोक्यात रक्तस्राव होऊन गेले ते काळे भरलेत."

वहिनीने कागद हातात घेतला. वर एक काळा चौकोन, त्याखाली दोन काळे चौकोन आणि एक गोल. त्या गोलाखाली आणखी एक काळा चौकोन. बॉलपेनने दाबून दाबून भरलेला, कागद मागून उठला होता. हा आपला नवरा, हे कळायला तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्या चौकोनाच्या खाली एक छोटा रिकामा गोल होता आणि त्यात प्रश्नचिन्ह.

"ही कोण?" तिने विचारलं, जणू माहीतच नाही.

"बबडी."

वहिनीने कागदाची घडी घातली, पण परत दिला नाही.

"मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी असते," नणंद म्हणाली. "तिचं काम निरोप धाडायचं, की मीठ सोडू नका. सगळ्यांच्यात तो निरोप गरजेपुरता जातो, मग थांबतो. आमच्यात तो थांबतच नाही. जन्मापासून. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, मीठ पाणी धरून ठेवतं, रक्त वाढतं, आणि नसांना रात्रंदिवस तेवढा दाब सोसावा लागतो. माणूस झोपला असला तरी. वर्षानुवर्षं सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, कडक होतात. मेंदूतल्या बारीक नसांना ते झेपत नाही. मग एक दिवस फुटते. रक्ताचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला होता. काल उत्तर आलं. जन्माचीच चूक आहे. दोन जनुकं एकमेकांना चिकटून नको ते एक तयार झालंय. आई किंवा बापाकडून येतं. दर मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं."

"आणि राग?"

"रागाने ब्लडप्रेशर चढतं आणि उतरतं. सगळ्यांचंच. जिना चढला तरी चढतं."

वहिनी थांबली. तिचा चेहरा बघून नणंदही थांबली.

"म्हणजे तुमचा काही दोष नाही, हे सांगायला तुम्ही मला रस्त्यात गाठलंत," वहिनी म्हणाली. "अकरा वर्षांनी कागद घेऊन आलात. मूत्रपिंड म्हणे, टोपी म्हणे. माझा माणूस त्या सकाळी कानशिलं दाबत उठला, मी बघितलाय. तुमच्या बोलण्याने उठला. डबाही नीट बंद केला नव्हता त्याने. आणि आता तुम्ही माझ्या पोरीचं नाव त्या कागदावर घालून आणता? तिला कशाला ओढता यात?"

तिचा आवाज चढला होता. पाइपाच्या कडेने पुढे चाललेली दोन माणसं मागे वळून बघायला लागली. इतक्या वर्षांत वहिनी त्या घरात, त्या घराबाहेर, कधी इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. आणि त्यातच तिला स्वतःचीच भीती वाटली, घाबरून तिचा हात कपाळाकडे गेला.

"ओरडा," नणंद शांतपणे म्हणाली. "तुम्ही या रक्ताच्या नाही. तुम्हाला काही होत नाही."

वहिनी रस्त्याच्या कडेला बसली. नणंद दोन पावलं सोडून बसली. समोरून माणसं जात राहिली, रिकामे डबे घेऊन, भाजीच्या पिशव्या घेऊन.

मग वहिनीने खालच्या आवाजात विचारलं, "डॉक्टरणीला तुम्ही विचारलंत का? त्या सकाळचं?"

"विचारलं. सगळं सांगितलं. वाटी, मीटरवाला, सगळं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, नस वीस वर्षं झिजत होती. त्या दिवशी नाही तर त्या महिन्यात. बादली उचलताना, शिंकताना, झोपेत. मी म्हटलं, म्हणजे माझ्यामुळे नाही ना? ती जरा थांबली. म्हणाली, त्या दिवशीचं मी नक्की सांगू शकत नाही. पण तुम्ही बोलला नसता तरी ते वाचले नसते. एवढंच नक्की." नणंदेने पदराने तोंड पुसलं. "खोटं बोलायला काय जात होतं तिचं? पण नाही बोलली. म्हणून बाकीच्यावर माझा विश्वास बसला."

वहिनीने डोळे मिटले. माफ करायची बुद्धी दे, असं ती चार हजार संध्याकाळी म्हणाली होती. आणि माफ करण्यासारखं फारसं काही नव्हतंच. मग इतकी वर्षं ती देवाजवळ नेमकं काय मागत होती? देवाने दिलं नाही ते बरोबरच होतं की काय, हे तिला समजेना.

"त्यांचं तरी कुणी ब्लडप्रेशर मोजलं असतं," ती म्हणाली.

"कशाला मोजेल? तो कुठे चिडायचा? आमच्यात जो गप्प तो बरा, असंच होतं. दादा तर सगळ्यात गप्प." नणंदेने पोटरी चोळली. "डोकं दुखायचं त्याचं. सकाळी उठल्या उठल्या."

वहिनीने एकदम तिच्याकडे बघितलं.

बबडी एकवीस वर्षांची होती. सहा महिन्यांपासून सकाळी उठली की डोकं धरून बसायची. चष्मा करून झाला, नंबर बदलून झाला. परवा म्हणत होती, जिने चढताना मांड्या दुखतात. वहिनीने तिला दटावलं होतं, दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसल्यावर दुसरं काय होणार.

हे तिने नणंदेला सांगितलं नाही. पण नणंद बघत होती आणि नणंदेला कळलं.

"सोमवारी सकाळी नऊला ती डॉक्टरीण असते," नणंद म्हणाली. "मी नाव घालून ठेवलंय. आधी ब्लडप्रेशर, मग रक्त. निघालंच तर त्याला वेगळी गोळी आहे, रोजची, आयुष्यभर. ती ग्रंथीचा निरोप दाबून टाकते. मला उत्तर यायच्या आधी, संशयावरच, आठवड्यापूर्वी चालू केली. एकशेऐंशीवरून एकशेपन्नासवर आलंय. दादाला चाळिशीच्या आत ती मिळाली असती तर..."

"पुरे."

"पुरे," नणंद म्हणाली.

उठल्या. पाचवा व्हॉल्व्ह, सहावा व्हॉल्व्ह. अंधार पडायला अजून वेळ होता, पण चुलींच्या धुराने उजेड कमी झाला होता. नणंदेची पोटरी पुन्हा वळली, तेव्हा वहिनीने न विचारता तिची पिशवी घेतली. सहाव्यापाशी वहिनी म्हणाली, "सोमवारी सुट्टी घेते. तिला आणते. तुम्ही तिथे असा. ते कागदांचं मला एकटीला समजायचं नाही."

"असेन."

"आणि काही निघालं, तर तिचं लग्न..."

"काही निघालं तर ती जगेल, वहिनी. वेळेत कळलं तर जगेल. न कळता आमच्यातले गेले."

वहिनीने मान हलवली. पुढे तिच्या मनात आलं ते ती मोठ्याने बोलली, "घरी गेल्यावर सासूबाईंना सगळं सांगते. आजच. त्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलंय, तुमच्या हातचं पाणी टाकलंय. तुम्ही औषधं आणून देता तर भिंतीकडे तोंड करतात. हा कागद त्यांना दाखवते. मीही इतकी वर्षं तुम्हाला उगाच दोषी धरलं, तेही सांगते. देवासमोर सांगते."

नणंद थांबली. सातवा व्हॉल्व्ह दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे घराचा दिवा.

"तो कागद नीट बघितलात का?" तिने विचारलं.

वहिनीने घडी उघडली. काळा चौकोन, त्याखाली दोन काळे चौकोन, आणि त्यांच्या शेजारी एक गोल. गोल रिकामा नव्हता. अर्धा भरलेला होता. त्यातूनच खाली दोन रेघा आल्या होत्या, एक दादाकडे, एक नणंदेकडे.

"आमच्या वडिलांकडून नाही आलं," नणंद म्हणाली. "ते एकोणऐंशीव्या वर्षी न्यूमोनियाने गेले, त्यांचं ब्लडप्रेशर शेवटपर्यंत चांगलं होतं. आईच्या माहेरून आलंय. आईतून. तिच्यात सौम्य आहे. बायकांत कधी कधी असतं तसं. रात्री पोटऱ्यांना फडकं बांधून झोपते ना ती, ते तेच असेल, डॉक्टरीण म्हणाली. ब्लडप्रेशरची अर्धी गोळी घेते ती तिला पुरते, या वयात काही बदलायला नको."

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. रोज दुपारी त्या लेकाचा फोटो पुसायच्या, काच, मग चौकट, मग पुन्हा काच. सगळं आयुष्य त्यांनी त्या एका लेकाला रागापासून राखलं होतं.

"वहिनी, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे," नणंद म्हणाली. आवाज तोच, खिडकीवरचा, पण शब्द सुटे सुटे पडत होते. "म्हणून तुमच्याकडेच मागते. बबडीला नेताना डोळे तपासायला नेतोय म्हणा. हा कागद घरात नेऊ नका. आई किती वर्षं काढेल? दोन, चार. तेवढी तिला अशीच काढू द्या. मुलगी वाईट निघाली, एवढं तिला सोसतं. सोसायची सवय झालीय. आपणच दिलं, हे नाही सोसायचं तिला. ती कधी बोलता बोलता विचारते ना तुम्हाला, कुणामुळे गेला गं माझा? परत विचारलं, तर माझंच नाव घ्या."